फणसाचा जामीन

भेंडीचं बी पेरलं की दुसऱ्याच दिवशी मी बोटानं माती उकरून बघते. मोड आलाय का, कुजलंय का, की मुंग्यांनी नेलं, हे कळल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. माझे यजमान म्हणायचे, तुझ्या वाफ्यातलं बी उगवत नाही, घाबरून बाहेर येतं. ते शाळेत मास्तर होते आणि कमालीचे शांत. त्यांच्या त्या शांतपणानंसुद्धा कधी कधी माझं डोकं फिरायचं. आता ते नाहीत आणि माती उकरू नकोस म्हणणारंही कोणी नाही.

मी नर्स होते. नोकरीची सगळी वर्षं डोळखांबकडच्या पाड्यांवर पायी फिरण्यात गेली. रिटायर झाल्यावर शहापूर-डोळखांब रस्त्याच्या थोडं आत आमचं घर होतं तिथंच राहिले. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. त्याचं कोणाला काही वाटत नाही. गणपतीत माझ्याकडं मोदक येतात, नाताळात माझ्या करंज्या घरोघर जातात, आणि करंजीत सारण कमी पडलं की बायका तोंडावर सांगतात.

रविवारी मी उपासनेला शहापूरला जाते आणि महिन्यातून एकदा किन्हवलीमार्गे एसटीनं मुरबाडला. तिथल्या बायकांच्या प्रार्थनासभेत संदेश द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी काही धर्मशास्त्र शिकलेली नाही. चर्चचे पाळक बोलतात तसं मला बोलता येत नाही, म्हणून मी बागेतलं सांगते. लव्हाळा वरवर खुरपला तर खालच्या गाठी तशाच राहतात, मनातली अढी तशीच. मोगऱ्याची छाटणी केली नाही तर नुसता पाला माजतो, माणसाचंही तेच. बायकांना ते पटतं. त्या सगळ्या शेतातल्याच. कधी कधी त्या मला सुधारतात, मग माझा पारा चढतो आणि सभा रंगते.

माझा हुकमी संदेश अंजिराच्या झाडाचा. प्रभूनं सांगितलेली गोष्ट. एका माणसाच्या मळ्यात अंजिराचं झाड असतं. तो फळ बघायला येतो, फळ नाही. पुढच्या वर्षी येतो, नाही. शेवटी वैतागून माळ्याला म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवतंय. माळी म्हणतो, धनी, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो, मग बघू. ही गोष्ट सांगताना मी सगळा जोर धन्यावर द्यायची. हात उगारूनच बोलायची. देवानं किती वाट बघायची, बायांनो? पुढच्या रांगेतल्या बायका पदर सावरून बसायच्या.

एकदा असाच हात उगारलेला असताना कोपऱ्यातल्या एका बाईनं विचारलं, "बाई, मग त्या झाडाचं पुढं काय झालं?"

"ते सांगितलेलं नाही," मी म्हटलं.

तिला ते मुळीच आवडलं नाही. गोष्ट अशी अर्धी कशी सोडतात, झाड तोडलं की ठेवलं ते तरी सांगा, म्हणाली. बाकीच्या हसल्या. मी गाणं सुरू करून वेळ मारून नेली, पण परतीच्या एसटीत बसल्या जागी चरफडत होते. खिडकीतून सिद्धगड स्वच्छ दिसत होता, एरवी मी त्याच्याकडं बघत बसते. त्या दिवशी किन्हवली मागं पडली तरी माझं मनातल्या मनात त्या बाईशी भांडण चालूच होतं. इतकी वर्षं ही गोष्ट सांगतेय आणि मला हे कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं, ह्याचा तर जास्तच राग आला.

घरी आले तर मुलगा फणसाखाली खाटेवर पडलेला. सकाळी गेले तेव्हाही तसाच होता.

तो कल्याणला एका कंपनीत हिशेबाच्या कामाला होता. आसनगावहून लोकलनं जायचा यायचा. एका सकाळी उठला नाही. ताप नाही, खोकला नाही, नुसता उठला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग पास संपला आणि नवा त्यानं काढलाच नाही. जेव म्हटलं तर दोन घास खायचा, बोल म्हटलं तर हूं म्हणायचा. मीच त्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, म्हणाले, वेळ द्या. मी विचारलं, किती? म्हणाले, ते सांगता येत नाही. आयुष्यभर हेच वाक्य मी पेशंटांच्या घरच्यांना ऐकवलंय, पण ऐकून घेताना ते काय लागतं हे तेव्हा कळलं.

उपासनेला यायचंही त्यानं सोडलं. मी टोचून टोचून विचारलं तेव्हा म्हणाला, प्रार्थना म्हणतो पण आत काही हलत नाही, खोटंखोटं कशाला बसू. माझ्या घरात हे वाक्य. मुरबाडला मी फळ द्या म्हणून हात उगारणार आणि माझ्याच ओसरीसमोर हे.

आणि तो फणससुद्धा तसलाच. मुलाचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी यजमानांनी मुरबाडच्या बाजारातून आणलेल्या बरक्या फणसाची आठळी ओसरीसमोर लावली. पोरगा वाढला, झाड वाढलं. कवेत मावणार नाही एवढं खोड झालं. पण फळ म्हणाल तर आजपर्यंत एक नाही. बोटाएवढं काहीतरी यायचं, काळं पडायचं, खाली गळायचं. गावात प्रत्येकाच्या दारी बुंध्यापासून फणस लोंबकळतात, आणि आमच्या दारी रोज झाडायला पाला. त्या झाडाखाली तो पोरगा पडलेला बघितला की माझं पित्त खवळायचं.

भात कापणीला आलं तेव्हा एकदा माझा तोल सुटला. पुण्याला माझा भाऊ असतो. त्यानं भाच्यासाठी एक नोकरी आणि राहायला एक खोली बघून ठेवली होती. मी मुलाला सांगितलं, नाताळ झाला की पुण्याला जायचं. नाही गेलास तर ह्या घरात राहायचं नाही, कुठं जायचं ते तू बघ. त्यानं नुसती मान हलवली. भांडला असता तर बरं झालं असतं.

बोलून बसले खरी. असा माणूस अनोळखी गावात खोलीचं दार लावून एकटा बसला तर काय होऊ शकतं, हे मला कोणी सांगायला नको. नोकरीत मी तसली दारं फोडताना उभी राहिलेली आहे. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. पण तोंडातून गेलेला शब्द मागं कसा घ्यायचा, हे मला आजवर कधी जमलेलं नाही. मी नुसती घरातून वाडीत आणि वाडीतून घरात फेऱ्या मारायची. वांग्यांना एवढं पाणी घातलं की ती कुजली.

आमच्या शेजारी एक काकी राहते. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, हाडाची शेतकरीण, जीभ माझ्याइतकीच तिखट, त्यामुळं आमचं जमतं. तिच्याकडचं भात झोडून झालं तेव्हा ती कोयता घेऊन आली आणि म्हणाली, चल, तुझ्या फणसाला दम देऊ.

हे त्यांच्यात करतात. भात झोडून झालं, हात मोकळे झाले की न फळणाऱ्या झाडाकडं दोघांनी जायचं. एकानं कोयता उगारायचा आणि झाडाला दटावायचं की फळ देत नाहीस, तुला तोडतो. दुसऱ्यानं मध्ये पडायचं, नको तोडू, यंदा राहू दे, पुढल्या साली देईल, मी जामीन. मग पहिल्यानं खोडाच्या एकाच अंगाला बारीकसा चरा पाडून कोयता खाली ठेवायचा. जामीन राहिलेल्यानं वर्षभर त्या झाडाचं सगळं करायचं. भ्यालं म्हंजे धरतं, काकी म्हणाली.

मी आधी नाहीच म्हटलं. आमच्यात असलं चालत नाही, झाडाला काय कळतं, वगैरे. ती म्हणाली, तुज्या देवाला विचार. आणि विचारायच्या आधीच मला ते अंजिराचं झाड आठवलं. धनी तसाच, माळी तसाच, शब्दसुद्धा जवळजवळ तेच. मी एवढी चमकले की हसूच आलं. म्हटलं चल, देऊ दम. कोयता मी घेते, जामीन तू राहा. दुसरी वाटणी माझ्या मनातसुद्धा आली नाही.

मुलगा खाटेवरून उठून ओसरीच्या पायरीवर जाऊन बसला. मी झाडासमोर उभी राहिले, कोयता उगारला आणि गमतीनं म्हणून बोलायला लागले. फळ देत नाहीस होय रे? काकी पदर तोंडाला लावून हसत होती. मग काय झालं सांगता येत नाही. माझा आवाज चढला. तुझ्या बापानं तुला हातानं लावलं, म्हटलं. उन्हाळ्यात पाणी घातलं. सगळ्यांच्या दारची झाडं लगडली, तूच तेवढा ढिम्म. नुसतं पडून राहायचं, नुसती जागा अडवायची, माझ्या डोळ्यांसमोरून तरी जा. आणि कोयता खाली आला. चरा नव्हे, घाव. सालीतून पांढरा चीक ओघळला. मी थांबले नाही. दुसरा घातला, तिसरा घातला, खोडाभोवती फिरत घालत गेले.

काकीला तिचं वाक्यच आठवेना. ती ओरडत होती, एका अंगाला गो, एका अंगाला, मरंल ते. खोडाची साल सगळीकडून गोल कापली की झाड जगत नाही, हे मलाही ठाऊक आहे. हात थांबत नव्हता.

तो कधी उठला ते मला दिसलं नाही. अनवाणी आला आणि त्यानं माझं मनगट धरलं. कित्येक महिन्यांत त्यानं मला हात लावला नव्हता.

"राहू दे आई," तो म्हणाला. "एवढं वर्ष राहू दे. मी बघतो त्याचं."

कोयता माझ्या हातात तसाच. चीक कोपरापर्यंत आलेला. काकी म्हणाली, "ह्यो जामीन झाला. आता वरीस होईस्तवर गाव सोडायचा नाय."

गाव न सोडायचं तिनं आधी सांगितलं नव्हतं. तो नियम खरा की तिनं तिथल्या तिथं केला, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

त्या संध्याकाळी त्यानं झाडाभोवती खणून आळं केलं. काकीच्या गोठ्यातून शेणखताच्या पाट्या वाहून आणल्या. शेण आणि लाल माती कालवून घावांवर लिंपली आणि वर बांधायला कापड मागितलं. मी कपाटातून माझी नोकरीतली पांढरी साडी काढून दिली. त्यानं ती कशीतरी गुंडाळली. मला राहवेना. सोड म्हटलं, असं बांधतात होय, आणि मी ती पट्टी पुन्हा नीट बांधली, पायाला बांधतात तशी, खालून वर. दोघं एका झाडाला टेकून काम करत होतो. मग खोबरेल लावून हातांचा चीक काढत बसलो.

भावाला फोन केला, म्हटलं, तो येऊ शकत नाही, फणसाला जामीन राहिलाय, वर्षभर गाव सोडता येत नाही. मग त्यानं विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना? मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. सुटकेनं रडले. शब्द मागं न घेता मला तो मागं घेता आला होता.

पण ते वर्ष मला फार जड गेलं. पुढच्याच महिन्यात झाडाची एक बाजू पिवळी पडली. रोज सकाळी उठले की आधी वर बघायचं, आज किती पानं गेली. तो विहिरीवरून बादल्या आणून आळं भरायचा. काही दिवस त्यानं माझ्याबरोबर वाफेसुद्धा खणले. मग पुन्हा एक आठवडा भिंतीकडं तोंड करून पडला, जेवेना, बोलेना. मी दाराशी उभी राहून त्याचा श्वास ऐकायची. पण त्या आठवड्यातही पहाटे उठून आळं भरून जायचा आणि पुन्हा पडायचा. बादली एकदाही चुकली नाही.

मी पट्टी सारखी सोडून बघायची. हिरवी साल दिसतेय का, कुजतंय का, बुरशी धरलीय का. तो चिडला नाही. एकदा मात्र म्हणाला, "आई, नको ना बघूस. तू बघितलंस म्हणून ते लवकर बरं होणार नाही."

हे झाडाबद्दलच बोलणं होतं. मी पट्टी बांधली आणि त्यानंतर हात मागं बांधून फिरायला लागले, खरंच सांगते, पदराचं टोक हातात घट्ट धरून. प्रार्थनेला बसले की शब्द यायचे नाहीत. आधी मी देवापुढं यादीच वाचायची, हे दे, ते कर, लवकर कर. आता नुसतं बसायची आणि म्हणायची, तू माळी आहेस ना, मग बघ. पोराच्या आत काही हलत नाही म्हणून मी टोचत होते, तर माझ्याही आत तेव्हा काही हलत नव्हतं. तरी बसायची. त्याचीही बादली चालूच होती.

मुरबाडला त्या वर्षी मी अंजिराची गोष्ट काढलीच नाही. दुधीच्या मांडवावर, गोगलगायींवर, कशाकशावर बोलले. तरी ती कोपऱ्यातली बाई चपला घालताना विचारायचीच, बाई, अंजिराचं काय कळलं का? अजून नाही, मी म्हणायची. तिला वाटायचं मी चेष्टा करतेय.

पावसाळ्यात साडी कुजून गळाली आणि शेणमातीचं लिंपणही धुऊन गेलं. खोडाची मागची बाजू मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसली. वीतभर रुंदीची सालीची एक पट्टी होती, तिथं कोयता लागलेलाच नव्हता. त्यानं मनगट धरलं ती जागा. तेवढ्यातूनच झाड जगत होतं. घावांच्या कडांना जाड साल धरली होती, बोट फिरवलं तर ओठासारखी लागायची. एक बाजू वाळली ती वाळली, पण दुसरीकडं नवा पाला होता. ह्याच्यावरचा संदेश माझ्या अगदी जिभेवर आला होता. मी तो गिळला.

आणि पुन्हा भात झोडून झालं.

काकी आली, कोयता घेऊनच. झाडाखाली उभी राहून तिनं वर बघितलं, खोडाभोवती फेरी मारली, कपाळावर आठ्या घातल्या. फळ तर नाय धरलं, म्हणाली. वरीस झालं, जामीन सुटला. आता परत दम द्यायचा तर द्या, नायतर लाकूड तरी कामाला येईल. दम कोण देणार, तूच ना? आणि तिनं कोयता मूठ पुढं करून माझ्यासमोर धरला.

मुलगा आळ्याच्या काठावर रिकामी बादली घेऊन उभा होता. वर्षात थोडा भरला होता. कधी कधी बोलायचा, कधी कधी नाही. उपासनेला अजून येत नव्हता, कामाचं नाव नव्हतं. त्यानं झाडाकडं बघितलं नाही. तो माझ्याकडं बघत होता. जामीन सुटला म्हणजे त्याचाही सुटला, हे त्याला कळत होतं आणि मलाही. नाताळ महिन्यावर आला होता.

माझे हात शिवशिवत होते. खोटं कशाला बोलू, राग काही कुठं गेला नव्हता. वर्षभर खत घातलं, पाणी घातलं, निदान एक फळ तरी, असं वाटतच होतं. मी कोयता घेतला नाही. काकीला म्हटलं, ह्या वेळी तू दे दम. ती म्हणाली, झाड तुझं, मी कशी देऊ? मी म्हटलं, दे गो, नाटकं नको करूस. तेव्हा तिनं कोयता उगारला आणि फळ देत नाय, तोडते तुला, असं जरा लाजतच म्हणाली.

मी पुढं झाले आणि खोडाला पाठ लावून उभी राहिले.

"नको तोडूस," मी म्हटलं. "राहू दे त्याला. मी जामीन."

बोलताना मी काकीकडं बघत नव्हते. मुलाच्या हातातली बादली खाली टेकली, तिची कडी वाजली.

काकीनं कोयता खाली घेतला. नेहमीसारखं तिला सगळं पक्कं करून हवं होतं. "किती वरसं गो?"

मी उत्तर शोधलं. एक म्हणावं, दोन म्हणावं. डॉक्टर आठवले, मुरबाडची ती बाई आठवली.

"ते सांगितलेलं नाही," मी म्हटलं.

काकी माझ्याकडं बघतच राहिली. मुलगा मात्र हसला. फार नाही, थोडंसंच, पण बापासारखं हसला. मग त्यानं आळ्याच्या कडेला पायानं माती दाबून बघितली.

"मग आळं मोठं करायला हवं," तो म्हणाला आणि कुदळ आणायला गेला.